नाव माहीत नाही, असंही लिहायचं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, जवळपास जसंच्या तसं)

आज आम्ही गटातल्या चौघी स्टुडिओत आलोय. बोलणार मात्र एकच. चौघी एकदम बोलायला लागलो की काय होतं ते आमच्या महिन्याच्या बैठकीत रोजचंच आहे. तेव्हा आवाज एकीचा आणि बोलणं चौघींचं, असं समजून ऐका.

विषय आहे आमच्या कुरणातले बारीक पतंग. उडवायचा पतंग नव्हे, दिव्यावर येतो तो. तिन्हीसांजेला वैरणीचा भारा घेऊन कुरणातून येताना पायापुढून काहीतरी फिकट, तपकिरी भुर्रकन उडतं, दोन हातांवर जाऊन काडीला बसतं आणि बसलं की दिसेनासं होतं. आपण त्याला काही नावसुद्धा देत नाही. कुणी पाखरू म्हणतं, कुणी पाकोळी. पण पाकोळीचा घोटाळा आहे. काही गावांत लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात, पक्ष्यांच्या पुस्तकात पाकोळी नावाचा पक्षी आहे आणि शेतीच्या पुस्तकात बटाटा पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला पाकोळी म्हटलंय. म्हणून आमच्या वहीत आम्ही सरळ पतंग लिहितो.

फुलपाखरांचं बरं असतं. सगळ्यांना आवडतात. २०१५ साली आपल्या राज्याने नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. भारतात फुलपाखरं आहेत सुमारे १,३०० जातींची आणि पतंग आहेत १०,००० हून जास्त जातींचे. पण पतंगाचं कौतुक कोण करणार? दिव्याभोवती पिंगा घालतो, आमटीत पडतो आणि त्याची अळी पीक खाते, एवढीच आपली त्याची ओळख.

खरं तर आपण बायका यातले बरेच ओळखतो, फक्त अळीवरून. रव्याला, तांदळाला जाळी धरते ना, ती एका बारीक पतंगाच्या अळीची. त्याच तांदळातल्या पतंगाची अंडी ट्रायकोकार्डवर चिकटवलेली असतात. त्या अंड्यांत गांधीलमाशीच्या जातीचे अगदी सूक्ष्म किडे वाढवतात आणि ते शेतात जाऊन किडीची अंडी मारतात. म्हणजे घरात ज्याला आपण उन्हात घालून पळवतो, तोच शेतात कामाला येतो. वांग्याचा शेंडा वाळतो, फळाला भोक पडतं, ते करणारा पतंग पांढरा असतो, त्यावर तपकिरी आणि गुलाबीसर डाग, आणि बसतो तेव्हा शेपटाकडचा भाग वर उचलून. कापसाची गुलाबी बोंडअळी, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ही सगळी बारीकच मंडळी.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस थोडा, माळ मोठा. गावाच्या वरच्या अंगाला कुरण आहे. पावसापासून दिवाळीपर्यंत तिथं चराईबंदी असते, मग गवत कापायला उघडतात. कुसळी, पवन्या, मारवेल असं गवत आणि मध्येमध्ये खुळखुळा, कुर्डू, टाकळा, एकदांडी. कडेला महारुखाची चार झाडं. सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते आम्ही सांगत बसत नाही, पण बोलताना सगळे त्याला पडीकच म्हणतात.

पतंगांचा नाद आम्हाला गावातल्या एका लेकीमुळे लागला. ती कृषी महाविद्यालयात शिकते. सुट्टीत आली आणि म्हणाली, कुरणात रात्री पडदा लावून पतंग बघायचेत. एकट्या पोरीला रात्री माळावर कोण पाठवणार? म्हणून आम्ही सोबतीला गेलो. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी चहाचा थर्मास आणि गप्पा, एवढ्यासाठीच गेलो होतो. दोन काठ्यांना एक जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं, पुढं तिचा दिवा. घरातल्या साध्या एलईडी दिव्याला पतंग फार येत नाहीत. तिचा दिवा अतिनील प्रकाशाचा होता, जांभळट दिसणारा. अर्ध्या तासात धोतर भरून गेलं. तांदळाच्या दाण्याएवढे, जिऱ्याएवढे, भुईमुगाच्या टरफलाएवढे. आमच्यातल्या एका आजींनी साठ पावसाळे त्या कुरणात गवत कापलंय. त्या म्हणाल्या, "एवढं सगळं इथंच राहत होतं व्हय?"

लेक कॉलेजला परत गेली आणि वही आमच्याकडे ठेवून गेली. मग पुढं जे झालं ते सांगायलाच आम्ही मुख्यतः आलोय.

भाद्रपदात दोन-तीन पावसांची झड लागली आणि नंतर ऊन पडलं. कुरणाच्या खालच्या अंगाला, जिथं रानमाठ माजतो, तिथं पाय टाकला की पन्नास-साठ पतंग एकदम उठायचे. तपकिरी, गव्हाच्या दोन-तीन दाण्यांएवढे. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी लष्करी अळी होती. २०१८ साली ही अळी आपल्या देशात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे आली. तेव्हापासून मक्याचा पोंगा पोखरलेला दिसला की छातीत धस्स होतं. आमच्याही मनात तीच होती, डोळ्यांना तीच दिसली. वहीत लिहिलं, "लष्करी अळीचा पतंग, पुष्कळ." आणि वहीत लिहून थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. नळावर सांगितलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं. दोन-तीन घरांनी दुसऱ्या दिवशी पंप काढले. आमच्याच गटातल्या एकीच्या मालकांनी उधारीवर औषध आणून वैरणीसाठी केलेल्या मक्यावर फवारलं. अळी एकसुद्धा नव्हती, पण पतंग आलेत तर अंडी घालणारच, हा हिशोब. आता फवारलेली मका जनावरापुढं टाकता येईना. दारात दोन म्हशी आणि एक कालवड. त्या बाईला ऐन पावसाळ्यात कडबा विकत आणावा लागला, आणि तोही महाग.

आठ दिवसांनी लेकीला मोबाईलवर फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "काकी, पंखावर पांढरा पट्टा दिसतोय का?" फोटो मोठा करून पाहिला तर होता की. दोन्ही बाजूंच्या पंखांवरून आडवा जाणारा, खडूने ओढल्यासारखा. पन्नास-साठ पतंगांतल्या एकालाही आम्ही नीट थांबून पाहिलं नव्हतं. तो निघाला माठावरचा पतंग. त्याची अळी माठ, राजगिरा, पालक असल्या पानांना धाग्याने गुंडाळून आत खात बसते. मक्याशी त्याचा काही संबंध नाही. लष्करी अळीचा पतंग त्याच्या जवळजवळ दीडपट मोठा, करडा, अंगाने जाड, आणि नराच्या पंखाच्या टोकाला पांढरट ठिपका. पांढरा पट्टा नाहीच.

आम्ही चौघी त्या बाईच्या घरी गेलो. चूक झाली म्हणून सांगितलं. ती कडबा कुटत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला वहीत खाडाखोड करून भागतंय." पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. हप्ता पोरीच्या हाती पाठवायची. कडब्याचे निम्मे पैसे गटाच्या दंडाच्या रकमेतून द्यावेत का, यावर बैठकीत चांगलीच वादावादी झाली. काहींचं म्हणणं, फवारा म्हणून आपण सांगितलं नव्हतं. ते खरं होतं. पण नळावर आम्हीच बोललो होतो, हेही खरं होतं. शेवटी पैसे दिले. तिने ते घेतले, बोलली काही नाही.

वहीतली ती नोंद आम्ही खोडरबराने पुसली नाही. एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: "चूक. माठावरचा पतंग. फोटोवरून कळलं," आणि त्या दिवसाची तारीख.

तेव्हापासून नोंदीची पद्धत बदलली. आधी आम्ही नाव लिहायचो आणि मग राहिलं तर बाकीचं. आता नावाचा रकाना सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा तारीख, वेळ, जागा. जागा म्हणजे नुसतं "कुरण" नाही, तर महारुखाजवळ, ओघळीच्या कडेला, माठाच्या पट्ट्यात, असं. मग आभाळ कसं, वारा आहे का, चांदणं किती. मग पतंग किती होते. मोजता आले तर आकडा, नाही तर "दहाच्या वर" असं. मग तो काय करत होता, फुलावर होता का, गवतावर, की पडद्यावर. आणि मग कसा दिसला. नाव सुचलं तरी ते आधी लिहायचं नाही. नाव लिहिलं की डोळे बघायचे थांबतात, हा आमचा अनुभव.

कसा दिसला हे लिहायला आम्ही काही गोष्टी ठरवल्यात. पहिली म्हणजे बसतो कसा. कुणी पंख पसरून भिंतीला चिकटवल्यासारखा बसतो, कुणी कौलारू छपरासारखे उतरते पंख ठेवून, तर कुणी पंख अंगाभोवती गुंडाळून. गवतातले पतंग तर पंख असे गुंडाळतात की वाळक्या काडीला वाळकी काडी जोडल्यासारखे दिसतात. त्यांच्या तोंडापुढं चोचीसारखं टोक असतं. ज्वारीच्या खोडकिड्याच्या पतंगालाही असंच असतं. तेवढ्यावरून हा खोडकिडाच, असं म्हणायला आम्ही आता धजत नाही.

दुसरी गोष्ट लांबी. डोळ्यांच्या अंदाजाने सगळे पतंग एक तर मोठे दिसतात नाही तर बारीक. म्हणून औषधाच्या पारदर्शक डबीत पतंग घ्यायचा, खाली मुलांच्या आलेख वहीचा कागद ठेवायचा आणि वरून एक, बाजूने एक, असे दोन फोटो काढायचे. आलेख कागदावर चौकोन मिलिमीटरचे असतात. पंखाची लांबी तिथंच कळते. चिमटीत कधी धरू नका. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे त्याच्या पंखावरचे खवले, सगळी नक्षी त्यातच असते. ती गेली की ओळखही गेली. म्हातारे झालेले पतंग असेच झिजून गेलेले असतात, नऊवारीचं काठ-पदर धुऊन धुऊन विटावं तसे. त्यांच्यापुढं आम्ही लिहितो, "झिजलेला." फोटो झाला की डबी सावलीत गवताजवळ उघडून ठेवायची.

आता काही तुम्हालाही सहज ओळखता येतील असे सांगतो. हात पसरलेल्या बुजगावण्यासारखा बारीक काटकुळा पतंग दिसला तर तो पिसारी पतंगाच्या घराण्यातला. पंख उघडले की पिसासारखे चिरलेले दिसतात. तुरीच्या शेंगा पोखरणारा पिसारी पतंग तुम्ही ऐकला असेल, तो याच घराण्यातला, पण दिसला तो पिसारी म्हणजे तुरीचाच असं नाही. पांढरा, काचेसारखे पंख, भोवती काळी किनार आणि शेपटाला केसांचा झुपका, तो झुपका हलवत बसलेला असतो. हा काकडीवर्गातल्या वेलांवरचा. कुरणाच्या बांधावर तोंडल्याचा वेल आहे, त्याच्याजवळ हमखास. आणि आमचा सगळ्यांचा लाडका म्हणजे महारुखावरचा. नारंगी पंख, त्यावर पांढरे ठिपके, एखाद्या खणाच्या कापडासारखा. त्याच्या अळ्या महारुखाच्या पानांत जाळं करून राहतात. शेळ्यांना महारुखाचा पाला तोडताना ते जाळं आम्ही आयुष्यभर झटकत आलो, आतून काय निघणार होतं ते कधी पाहिलं नव्हतं. खुळखुळ्यावर दिवसाच उडणारा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा पतंगही असतो. तो बारीक मंडळींतला नाही म्हणतात, पण दिसतो इतका छान की आम्ही लिहितोच.

एवढे झाले ओळखीचे. आता खरं सांगतो, आमच्या वहीत ज्यांच्यापुढं नाव आहे त्यांच्यापेक्षा नाव नसलेले जास्त आहेत. सुरुवातीला याची लाज वाटायची. शाळेतल्या कोऱ्या उत्तरपत्रिकेसारखं वाटायचं. मग लेकीने तिच्या शिक्षकांना विचारून सांगितलं की बारीक पतंगांत कित्येक जाती बाहेरून अगदी सारख्या असतात. फोटोवरून मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. मेलेल्या पतंगाच्या पोटाचं शेवटचं टोक उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, तेव्हा जात ठरते. हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं. आता जिथपर्यंत खात्री आहे तिथपर्यंतच लिहितो. "पिसारी पतंगांपैकी एक" एवढंच, किंवा "गवतातला, चोचीचा." तेही नसेल तर "नाव माहीत नाही," आणि पुढं फोटोचा क्रमांक. नाव पाच वर्षांनी मिळालं तरी लिहिता येतं. पण कोणत्या रात्री, कोणत्या झुडपाजवळ, किती होते, हे तेव्हा लिहिलं नाही तर कुणालाच परत आणता येत नाही.

रात्री जाण्याबद्दल दोन शब्द, कारण काही गटांनी आम्हाला विचारलंय. चांदण्या रात्री दिव्यावर फार येत नाहीत. अमावास्येच्या आसपास, ढगाळ, दमट, वारा पडलेला असेल तर उत्तम. पायात बूट हवेतच, चपला चालणार नाहीत. माळावर फुरसं असतं, घोणस असते, आणि पडद्याजवळ बेडूक जमले की त्यांच्या मागे आणखीही कुणी येतं. प्रत्येकीच्या हातात बॅटरी. कान पदराने झाकून घ्या, भुंगेरे कानात जातात, आमच्या एकीच्या गेला होता. दोन तासांनी दिवा बंद करायचा. पतंगांना आपापली कामं असतात, रातभर त्यांना धोतराला लटकवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि रोज त्याच जागी लावू नका, पाली आणि रातवे जागा हेरून ठेवतात. घरच्यांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी टोमणे, दुसऱ्या वर्षी "आज काय आलं?" असं विचारणं, एवढी प्रगती आहे.

आता कुरणाचं सांगायचं राहिलं. मागच्या उन्हाळ्यात ग्रामसभेत विषय आला की कुरणात खड्डे घेऊन झाडं लावायची. झाडं लावायला आमचा विरोध कशाला असेल? पण गवताच्या माळावर दाट झाडं लावली की गवत जातं आणि गवतावर जगणारं सगळं जातं. आमची वैरणही जाते. सभेत एक जण म्हणाले, "तिथं आहे काय, गवतच तर आहे." तेव्हा आम्ही वही काढली.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावात काय काय उगवतं, राहतं, लोकांना त्याची काय माहिती आहे, याची लोक जैवविविधता नोंदवही तिनं करायची असते. डॉ. माधव गाडगीळांनी ही कल्पना फार आधीपासून मांडली होती. आमच्या गावाचीही अशी नोंदवही आहे. कुरणाच्या पानावर त्यात तीन गवतं, ससा आणि तितर, एवढंच होतं. आम्ही म्हटलं, आमच्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी यात घ्या.

वही हातोहात फिरली. आणि ज्यांनी मका फवारली होती तेच गृहस्थ उठले. म्हणाले, "हीच ना ती वही?" सभा गप्प. आम्ही हो म्हटलं आणि ते पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. रेघ मारलेली नोंद, शेजारी "चूक" लिहिलेलं, तारखेसकट. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मागची-पुढची दोन पानं उलटली. मग वही ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली आणि खाली बसले. नोंदी उतरवून घ्यायचं सभेत ठरलं, "नाव माहीत नाही" वाल्यासुद्धा. खड्ड्यांचा विषय मात्र पुढच्या ग्रामसभेवर गेलाय. तो कुठं जाईल ते आज सांगता येत नाही.

आणि परवाची गोष्ट. ती बाई बैठकीला आली होती. येतेय आता नियमित. उठताना तिने पदराच्या गाठीतून होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी डबी काढली. आत एक पांढरा पतंग होता. म्हणाली, "वांग्याच्या रानात घावला. वांग्याचाच आहे का सांगा. नक्की असेल तरच सांगा हां." आम्ही चौघींनी आळीपाळीने डबी उजेडात धरून पाहिली. शेपूट वर होतं, गुलाबी डाग दिसत होता, पण पंख झिजलेले. आम्ही म्हटलं, वाटतोय तसाच, पण फोटो पाठवून विचारतो, तोवर औषध आणू नका, वाळलेले शेंडे तेवढे तोडून नष्ट करा. ती म्हणाली, "बरं." डबी आमच्याकडेच ठेवून गेली. उत्तर अजून यायचंय.

तर येत्या अमावास्येला, पाऊस नसला तर, आम्ही तोंडल्याच्या वेलाजवळ पडदा लावणार आहोत. शेजारच्या गावांतल्या गटांनी यावं. पांढरं धोतर किंवा चादर आमच्याकडे आहे. येताना बूट, बॅटरी आणि रिकाम्या डब्या आणा. चहा आम्ही करू.